सापडलं आणि हरवलं: नेटवर भटकताना या चुका टाळा

“अरे, परवा एक भन्नाट साइट सापडली होती. नाव आठवत नाही, पण वरती निळी पट्टी होती.” यापुढे मी काय करावं अशी समोरच्याची अपेक्षा असते, देव जाणे. नेटवर मजेच्या आणि कामाच्या गोष्टी सापडणं अजिबात अवघड नाही. त्या महिन्याभरानंतरही हाताशी असणं अवघड.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टॅब उघडा ठेवला की गोष्ट जपली, असं समजणं. मी स्वतः यात पुरता पोळलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझ्याकडे एक जुनं किल्लीचं टेबलावरचं घड्याळ आहे. किल्ली दिली की दहा मिनिटं चालतं आणि थांबतं. एका रात्री भलतंच काही शोधताना एका निवृत्त घड्याळजीची साइट समोर आली. डोळ्यांत खुपणारा पिवळा रंग, पण आत हाताने काढलेल्या अकरा आकृत्या, प्रत्येक चाकाला क्रमांक, आणि नेमकं माझंच यंत्र! म्हटलं, रविवारी निवांत बघू. तो रविवार चार महिन्यांनी उगवला. मधल्या काळात ब्राउझर एकदा कोसळला होता आणि साठ-सत्तर टॅबसकट ते पानही गेलं होतं. कंट्रोल-शिफ्ट-टी नुकता बंद झालेला टॅब परत आणतं, चार महिन्यांपूर्वीचा नाही. हिस्टरी उघडली, तर क्रोम तिथे ९० दिवसांपर्यंतचंच दाखवतं. साधा सर्च केला, तर व्हिडिओ आणि जाहिराती यांचा ढीग.

तिसऱ्या संध्याकाळी आठवलं, की त्या माणसाने एका चाकाला ‘रुसलेलं’ अशा अर्थाचं गमतीदार इंग्रजी नाव दिलं होतं. ते शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोधले, म्हणजे तेच शब्द त्याच क्रमाने असलेली पानं येतात. एका जुन्या चर्चेत लिंक मिळाली. दाबली, तर साइटच बंद! पत्ता वेबॅक मशीन या जुन्या पानांच्या संग्रहात टाकला. तो चालवणारी इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरच्या पानांच्या प्रती साठवते आणि २००१ पासून त्या सगळ्यांना बघता येतात. मजकूर पूर्ण मिळाला. अकरापैकी चारच आकृत्या मिळाल्या. मला हवी होती ती पाचवी, आणि तिच्या जागी रिकामा चौकोन. घड्याळ अजूनही दहा मिनिटंच चालतं.

हे फक्त माझ्याच नशिबी आलं असंही नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत, २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती.

तेव्हापासून ‘सापडलं’ नावाची एक साधी टेक्स्ट फाइल आहे. त्यात तारीख, पत्ता आणि एक ओळ. ती ओळ साइटच्या मथळ्याची नको, तुमच्या शब्दांत हवी. सहा महिन्यांनी तुम्ही जे शब्द शोधाल ते. उदाहरणार्थ, “रेडिओ गार्डन: पृथ्वीचा गोल फिरवा, कुठल्याही गावचं रेडिओ स्टेशन ऐका, झोप न येणाऱ्या रात्रीसाठी.” किंवा “अर्थ नलस्कूल: जगभरचे वारे नकाशावर वाहताना दिसतात, मुलांना दाखवायला.” पान खरंच मोलाचं असेल तर वेबॅक मशीनमध्ये पत्ता देऊन त्याची प्रत त्याच वेळी जतन करतो आणि एक पीडीएफ स्वतःकडे ठेवतो. मिनिटभराचं काम आहे. “एवढा वेळ कोणाला आहे?” असं विचारणारेच पुढे निळी पट्टी शोधत बसतात.

लिंका साठवायला एखादी खास सेवा वापरत असाल तर खुशाल वापरा, पण तेवढ्यावर विसंबू नका. नवनव्या साइटवर नेऊन सोडणारं स्टंबलअपॉन २०१८ मध्ये बंद पडलं, नंतर वाचायला पानं ठेवण्याचं पॉकेट २०२५ मध्ये. साधी टेक्स्ट फाइल कुणी बंद करू शकत नाही.

माझा दुसरा राग एक्स्टेन्शनवर, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामवर. नवशिक्यांना ‘दहा अफलातून एक्स्टेन्शन’ अशी यादी दिसली की दहाही टाकून मोकळे! ‘तुम्ही भेट देता त्या सर्व साइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी न वाचताच दिली जाते. न वापरलेले टॅब झोपवणारं ‘द ग्रेट सस्पेंडर’ लाखो लोक वापरायचे. २०२० मध्ये ते दुसऱ्याच्या हाती गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने त्यात मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, असल्याचं सांगून काढून टाकलं. म्हणजे टाकताना चांगलं असलेलं पुढे चांगलंच राहील असंही नाही. मी दोनच ठेवतो. महिनाभर न वापरलेलं काढतो. आणि टाकण्याआधी बघतो, की हे काम ब्राउझर स्वतःच करतो का. बहुतेकदा करतो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

लिंकऐवजी स्क्रीनशॉट ठेवणं. त्यात पत्त्याची पट्टी तरी येऊ द्या हो!

इन्कॉग्निटोत भटकणं आणि मग हिस्टरीत शोधणं. पानांची नोंद तिथे राहू नये म्हणूनच तर तो प्रकार आहे.

लांबलचक पानावर स्क्रोल करत बसणं. कंट्रोल-एफ दाबा, शब्द लिहा. इतकी वर्षं संगणक वापरणाऱ्यांनाही हे सांगावं लागतं, याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

आश्चर्यकारक फोटो दिसला की लगेच इतरांना पाठवणं. टिनआयसारख्या साइटवर तो चढवून आधी कुठे कुठे आलाय ते बघा. ‘कालचा’ फोटो कैकदा काही वर्षं जुना निघतो.

आणि लिंक पाठवताना तिची शेपूट तशीच ठेवणं. पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर ‘यूटीएम’ (utm) किंवा ‘एफबीक्लिड’ (fbclid) दिसलं, तर तो माग काढण्याचा मजकूर असतो. तेवढा उडवा, उरलेला पत्ता एकदा स्वतः उघडून बघा, मग पाठवा.