लिनक्स कर्नलमध्ये एका मॉड्यूलचे फंक्शन दुसऱ्यात वापरताना

मॉड्यूल म्हणजे चालू कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) घालता येणारा कोडचा भाग. स्वतंत्रपणे बांधलेल्या दोन मॉड्यूलपैकी एकाचे फंक्शन दुसऱ्याने वापरले, की बिल्डच्या शेवटी मॉडपोस्ट हे तपासणीचे साधन ते फंक्शन ‘अनडिफाइन्ड’ (व्याख्या न सापडलेले) असल्याचे सांगते. दोन्ही सोर्स फाइली एकाच मॉड्यूलच्या असतील तर एक्स्पोर्टची, म्हणजे फंक्शन इतर मॉड्यूलना खुले करण्याची, गरजच नसते. फंक्शनपुढील ‘स्टॅटिक’ (ते त्याच फाइलपुरते मर्यादित ठेवणारा शब्द) काढून हेडरमध्ये घोषणा करणे आणि मेकफाइलमधील (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमधील) त्या मॉड्यूलच्या यादीत दोन्ही ऑब्जेक्ट फाइली लिहिणे पुरते. हा मार्ग शक्य असेल तेथे तोच घ्यावा.

मॉड्यूल खरोखरच वेगळी असतील तर:

१. फंक्शनच्या व्याख्येनंतर लगेच ‘एक्स्पोर्ट_सिम्बॉल_जीपीएल’ लिहावे आणि घोषणा दोघांच्या सामाईक हेडरमध्ये ठेवावी.

२. पहिले मॉड्यूल आधी बिल्ड करावे, त्यातून ‘मॉड्यूल.सिमव्हर्स’ ही एक्स्पोर्ट केलेल्या नावांची यादी असलेली फाइल तयार होते.

३. दुसऱ्याच्या मेकफाइलमध्ये ‘केबिल्ड_एक्स्ट्रा_सिम्बॉल्स’ या चलाला त्या फाइलचा पूर्ण मार्ग द्यावा. बहुतेक वेळा राहून जाते ती हीच पायरी.

४. लोड करताना इनस्मॉड (एकच मॉड्यूल कर्नलमध्ये घालणारी आज्ञा) वापरल्यास पहिले मॉड्यूल आधी घालावे. मॉड्यूल इन्स्टॉल करून डेपमॉड (कोणते मॉड्यूल कोणावर अवलंबून आहे याची नोंद करणारी आज्ञा) चालवले असेल, तर मॉडप्रोब ही लोड करणारी दुसरी आज्ञा हा क्रम स्वतः सांभाळते.

मात्र वापरणाऱ्या मॉड्यूलचा परवाना जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याशी सुसंगत म्हणून जाहीर केलेला नसेल, तर असे फंक्शन त्याला मिळत नाही.