गोदाकाठच्या बीजपेढीवर प्रोजेक्ट घेताय?

नाशिकमध्ये वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करताय आणि नदीकाठच्या मातीत दडलेल्या बियांवर, म्हणजेच तिथल्या बीजपेढीवर, काम करायचं मनात आहे? मग झाडांआधी पाणी ओळखा. गंगापूर धरणाखालची गोदावरी पावसाइतकीच विसर्गावर आणि आवर्तनांवर (सिंचनासाठी ठरावीक पाळीने सोडलेल्या पाण्यावर) चढते-उतरते. मी माती गोळा करण्याइतकाच वेळ विसर्गाच्या नोंदींवर घालवला, म्हणून त्या मातीतून ट्रेमध्ये काय उगवलं याचा अर्थ लागला.

पूर बिया वाहून आणतो, गाळात पुरतो; पाणी ओसरलं की उघड्या चिखलात त्या रुजतात. धरण गाळही अडवतं आणि बियाही. खाली बंधाऱ्याने पाणी एका पातळीवर धरलं, तर चिखल उघडाच पडत नाही. लव्हाळ्याच्या जातीतल्या कित्येकांचं बी अशा वेळी मातीत वर्षानुवर्षं तग धरतं. वाळुंज या नदीकाठच्या झाडाचं तसं नाही. त्याचं कापसासारखं बी थोड्याच दिवसांत मरतं. ते उडतं तेव्हाच काठ ओला आणि उघडा हवा. नेमकं तेव्हाच नदीत आवर्तन सुटलं, तर त्या वर्षीची रोपं गेलीच. त्यामुळे काठावर वाळुंज डोलत असला तरी मातीच्या नमुन्यात तो सापडणार नाही. त्याची रोपं काठावरच मोजा.

डार्विनने तळ्याकाठचा तीन चमचे चिखल सहा महिने झाकून ठेवला आणि उगवेल ते रोप उपटून मोजलं: ५३७ रोपं! आजची रीतही मुळात तीच. वरची पाच सेंटिमीटर माती आणि त्याखालची पाच वेगवेगळी घ्या, निर्जंतुक वाळूवर पातळ पसरा. एक ट्रे नुसता ओला, दुसरा पाण्याखाली. तिसऱ्यात फक्त वाळू ठेवाच. वाऱ्याने आलेलं गाजरगवत त्यात पकडलं जातं.

नांदूर मध्यमेश्वरला जायचं तर अभयारण्य आहे, रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). वन विभागाची लेखी परवानगी आधी काढा, तिला वेळ लागतो. धरणाकाठी गाळपेरा करणाऱ्यांशी, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या गाळात पीक घेणाऱ्यांशी, जरूर बोला. पाणी हटल्यावर पहिलं काय उगवतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आणि ओळखीची घाई नको. कोवळं गवत आणि कोवळा लव्हाळा सारखेच दिसतात. दांडा आला की बोटांत फिरवून पाहा. तीन कडा लागल्या तर बहुधा लव्हाळा. जात मात्र तुरा आल्यावरच लिहा, तोवर रोप वेगळ्या कुंडीत वाढवा.