घुशीची पिसू उंदरावर सापडली? आधी पोतं तपासा

नागपूरच्या इतवारीतल्या धान्याच्या गोदामात काळे उंदीर आढ्याला राहतात आणि घुशी खाली नालीलगतच्या बिळांत. इतक्या शेजारात पिसवांच्या दोन जाती एकमेकींना हटवतात का, हा माझा पीएचडीचा विषय. पहिलं वर्ष मी स्वतःच्या हाताने वाया घालवलं.

त्या दोन जाती म्हणजे झेनोप्सायला किऑपिस आणि झेनोप्सायला ॲस्टिया. प्लेग पसरवण्यात किऑपिस पटाईत, ॲस्टिया त्यामानाने मठ्ठ. हर्स्ट या संशोधकाने कोलंबोत 1913 च्या सुमारास हा फरक मांडला. त्यामुळे उंदरांवर घुशीकडची ॲस्टिया वाढलेली दिसताच मी सेमिनारमध्ये छातीठोकपणे सांगून मोकळी झाले, की हद्द सरकतेय.

मग गोदामातल्या एका हमालाने सहज विचारलं, "मॅडम, एकाच पोत्यात टाकल्यावर घुशीच्या पिसवा उंदरावर जात नसतीन काय?"

जातात! जनावर मेलं, अंग गार पडू लागलं, की पिसवा ते सोडून शेजारचं ऊबदार अंग धरतात. पकडलेली जनावरं नेण्याच्या माझ्या पिशव्या विरलेल्या मांजरपाटाच्या, त्या सगळ्या एका पोत्यात कोंबलेल्या, आणि कालची पिशवी झटकून आज पुन्हा वापरलेली. शिवणीत बसलेली पिसू झटकून पडत नाही हो. म्हणून एका जनावराला एकच पिशवी, पांढरी, घट्ट विणीची. पिंजऱ्याजवळच तोंड बांधा. पिसवांसोबत बाटलीत जाणारी चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई अल्कोहोलमध्ये उतरते. ईथर दिल्यावर जनावर परातीत विंचरा, मग पिशवी उलटी करून शिवण न् शिवण बघा. तिथे सापडलेल्या पिसवाही त्याच जनावराच्या खात्यात. उकळल्याशिवाय पिशवी परत वापरायची नाही. फार ताणतेय, कळतंय मला. पण वर्ष माझं गेलंय.

हातमोज्यांबाबत हयगय नको. 2018 साली नागपुरात स्क्रब टायफस कसा पसरला होता ते आठवा. तो ताप पसरवणारे चिगर, म्हणजे माइट किड्यांच्या बारीक अळ्या, उंदरांच्याच अंगावर असतात.

व्हॉट्सॲपवर फोटो टाकून "सर, ही कोणती?" असं विचारणाऱ्यांचा मला राग येतो. मादी ओळखायची तर शुक्रधानीचा, म्हणजे तिच्या पोटातल्या वीर्य साठवायच्या पिशवीचा, आकार बघावा लागतो. त्यासाठी पिसू कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवून पारदर्शक करा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मान मोडा. आणि फिल्डवर कधीच न येणारा गाईड निवडू नका, नाव कितीही मोठं असो.

स्पर्धेचं म्हणाल, तर अळ्या अंगावर नसतात, बिळातल्या धुळीत वाढतात. कोण कोणाला हटवतंय ते तिथे शोधा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो आणि कोरड्या हवेत अळ्या वाळून मरतात. ती घट प्रतिस्पर्ध्याच्या नावावर लिहू नका.

चूक गाईडला सांगायला मला तीन आठवडे लागले. ते ओरडले, मग चहा मागवला. तुमचेही ओरडतील, घाबरू नका, पण लपवलंत तर मेलात.

दुसऱ्या हंगामात वेगळ्या पिशव्यांतही काळ्या उंदरांवर ॲस्टिया निघाली, थोडीच. ती घुशीकडून आली की तिथलीच, यासाठी आता बिळं उकरतेय. जागा तोच हमाल दाखवतो, तर्री-पोह्यांच्या बोलीवर.