ट्रॅप कॅमेरा कसा बांधावा

ट्रॅप कॅमेरा म्हणजे झाडाला बांधून ठेवायचा, समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. त्यातला पीआयआर सेन्सर, म्हणजे हलती ऊब टिपणारा भाग, प्राणी ओळखत नाही. समोरून भोवतालापेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी आडवं सरकलं, एवढंच त्याला कळतं आणि तेवढ्यावर फोटो निघतो. कॅमेरा कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या दिशेला बांधायचा, याची बरीचशी उत्तरं यातूनच मिळतात.

आधी पायी फिरून जागा हेरा. मऊ मातीतले ठसे, ताजी विष्ठा, बुंध्यावरचे ओरखडे, कुंपणाखालून सतत ये-जा झाल्याने गुळगुळीत झालेली माती या खुणा बघा. मोकळ्या माळावर कॅमेरा वाया जातो. वाट जिथे चिंचोळी होते, म्हणजे ओढ्यात उतरायची जागा किंवा दोन खडकांमधली फट, तिथेच तो बांधावा. पाणवठ्यावर लेन्स पाण्याकडे रोखू नका; हलत्या पाण्यावरच्या उन्हाने सेन्सर फसतो. पाण्याकडे येणारी पायवाट धरा.

उंची, अंतर, कोन

कोल्हा, रानमांजर, साळिंदर अशा प्राण्यांसाठी जमिनीपासून ३० ते ४० सेंटिमीटर उंची पुरते. बिबट्या किंवा हरणासाठी ४५ ते ६०. वाटेपासून ३ ते ५ मीटर मागे राहा. बहुतेक कॅमेऱ्यांचा फोकस कायमचा ठरलेला असतो, त्यामुळे फार जवळ आलेला प्राणी धूसर येतो.

कोनाची चूक सगळ्यात जास्त होते. वाटेला काटकोनात लावलेल्या कॅमेऱ्यासमोरून चपळ प्राणी झपकन निघून जातो आणि हाती नुसती शेपटी लागते. वाटेच्या सरळ रेषेत लावला, तर सेन्सर ज्या पट्ट्यांमधून बघतो त्यांना समोरून चालत येणारी ऊब आडवी जात नाही आणि तो उशिरा जागा होतो. म्हणून वाटेशी साधारण ४५ अंशांचा कोन धरा. उगवतीचं आणि मावळतीचं ऊन थेट लेन्समध्ये येऊ देऊ नका. उत्तर गोलार्धात तोंड उत्तरेकडे ठेवणं सोयीचं.

मांडीएवढा तरी जाड बुंधा निवडा. बारीक झाड वाऱ्याने डोलतं आणि कार्ड रिकाम्या फोटोंनी भरतं. पट्टा करकचून आवळा. कॅमेरा खाली झुकवायचा असेल तर मागच्या वरच्या कडेला एक काटकी पाचरीसारखी सरकवा.

मग समोरचं गवत बघा. उन्हाने तापलेली पाती वाऱ्यावर हलली की सेन्सरला तीही प्राण्यासारखीच वाटतात. रात्री तर लेन्सपासून हातभर अंतरावर लोंबणारं एकच पान पुरतं: कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड फ्लॅशच्या उजेडात ते पांढरंफटक होतं, कॅमेरा त्याच्याच हिशेबाने उजेड आवरतो आणि मागून गेलेला प्राणी काळोखात बुडतो. फांदी तोडायची गरज नाही, सुतळीने बाजूला बांधा.

शेवटी टेस्ट मोड लावून प्राण्याच्या उंचीवर ओणवं होऊन वाटेवरून चाला. जिथे दिवा लागतो तिथवर सेन्सरचा टप्पा. हा टप्पा तपासल्याशिवाय जागा सोडू नका.

सेल, कार्ड, सेटिंग

एका वेळी ३ फोटो आणि पायवाटेवर मध्ये फार तर ५ ते १० सेकंदांची विश्रांती ठेवा. आईमागून चालणारी पिल्लं मोठ्या विश्रांतीत निसटतात. व्हिडिओ १० ते १५ सेकंदांचा पुरे, रात्रीचा व्हिडिओ सेल फार खातो.

दिवसाचे फोटो छान आणि रात्रीचे काळेकुट्ट, असं झालं तर आधी सेल तपासा. फ्लॅशला जास्त करंट लागतो आणि अल्कलाइन सेलचा व्होल्टेज वापरासोबत उतरत जातो. लिथियम सेलचा व्होल्टेज शेवटपर्यंत टिकतो, थंडीतही. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असल्याने काही कॅमेरे ते संपलेच असं धरतात. मेनूत सेलचा प्रकार निवडता येत असेल तर निवडा. जुने-नवे सेल एकत्र घालू नका. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कडेची लॉकची खिट्टी उघडी आहे ना तेही बघा.

८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या इन्फ्रारेड फ्लॅशचा पल्ला मोठा, पण त्याचे दिवे मंद लाल दिसतात. ९४० चा माणसाला जवळजवळ दिसत नाही, पण पल्ला कमी पडतो. वाघाचे पट्टे किंवा बिबट्याचे ठिपके जुळवून एकेक जनावर ओळखायचं असेल तर वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा हवाच, कारण दोन्ही कुशींवरची नक्षी वेगवेगळी असते. दोघांना अगदी समोरासमोर ठेवू नका, एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो बिघडवतो.

कडक उन्हाळ्यात दुपारचे फोटो कमी आले तर कॅमेरा बिघडला असं समजू नका. जमीन आणि हवा प्राण्याच्या अंगाइतकी तापली की सेन्सरला फरकच कळत नाही.

जागेच्या मालकाची किंवा वनखात्याची परवानगी आधी घ्या. घरटं किंवा पिल्लांची गुहा यांच्यासमोर कॅमेरा नको, आमिषही नको. दुर्मीळ प्राण्याचा फोटो इतरांना दाखवताना नेमकी जागा सांगू नका, शिकारीही फोटो बघतात.

कार्ड काढायला दोन-तीन आठवड्यांनी जा. रोजच्या फेऱ्यांनी माणसाचा वास वाटेवर राहतो. कॅमेरा उघडण्याआधी त्याच्यासमोर मोबाइलवरची तारीख-वेळ धरून एक फोटो निघू द्या. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं निघालं, तर त्या फोटोवरून फरक काढून सगळ्या नोंदी दुरुस्त करता येतात.