स्क्रू फिरतोय, पण माल सरकतोय का?

डिप्लोमा झाल्यावर कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो. पहिल्याच हंगामात बॉयलर हाउस मिळालं आणि बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) राखेचा स्क्रू कन्व्हेयर माझ्याकडे आला, म्हणजे ट्रफ नावाच्या लांब पन्हळीत मळसूत्री पातं फिरवून माल पुढे ढकलणारं मशीन. नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण कॉलेजात या मशीनला आम्ही जेमतेम अर्धं पान दिलं होतं.

जानेवारीत अवकाळी पाऊस झाला. ऊसतोड थांबली, गाळप बंद ठेवावं लागलं. दीड दिवसाने बॉयलर पेटला आणि स्क्रू चालू करताच ओव्हरलोडवर ट्रिप झाला, म्हणजे जास्त भाराने मोटर आपोआप बंद पडली. रिसेट केला, पुन्हा ट्रिप. तिसऱ्यांदा मोटर फिरली, मला हायसं वाटलं. पण हॉपरमध्ये (स्क्रूला राख देणाऱ्या नरसाळ्यात) राख चढतच गेली आणि खाली डिस्चार्जला काहीच येईना. शाफ्ट मात्र छान फिरत होता.

हेडफिटर मामा आले. म्हणाले, "सायेब, स्क्रू फिरतोय म्हंजे माल सरकतोय असं न्हाई. आधी सप्लाय काढा." पॅनेलचा स्विच बंद केला, फ्यूज काढून मामांनी खिशात ठेवले, मगच कव्हर उघडलं. आत पात्यांमधल्या खाचा ओल्या राखेने गच्च भरून वाळल्या होत्या. मळसूत्र दिसतच नव्हतं, नुसता करडा ओंडका.

मामांनी एक बोल्ट घेतला, त्यावर नट चढवला. नट बोटांत धरून बोल्ट फिरवला, नट पुढे सरकला. बोटं सोडली, नट बोल्टबरोबर जागच्या जागी गोल फिरत राहिला. "हितं माल म्हंजे नट, आन् ट्रफ म्हंजे माझी बोटं."

ही गोष्ट मनात पक्की बसली की बाकीचं आपोआप सुटतं. माल पात्यावरून घसरला पाहिजे आणि ट्रफला अडला पाहिजे. उलटं झालं की तो स्क्रूबरोबर फिरत बसतो. म्हणून पाती गुळगुळीत हवीत. ऑफ सीझनमध्ये त्यांना गंज चढला तर पहिल्या दिवसापासून त्रास. चिकट मालाला रिबन फ्लाइट वापरतात, त्यात शाफ्ट आणि पातं यांच्यामध्ये फट असते, म्हणजे माल चिकटून साचायला कोपराच उरत नाही. आमची चूक साधी होती: स्क्रू रिकामा न करता थांबवला होता आणि कव्हरचं गॅस्केट एका बाजूने गेलेलं होतं, तिथून ओल शिरली. त्यानंतर राख येणं थांबलं की डिस्चार्ज कोरा होईपर्यंत स्क्रू चालवायचा, हा नियमच केला.

आता थोडं गणित. 300 मिमी व्यासाचा, तेवढ्याच पिचचा (पिच म्हणजे पात्याच्या लागोपाठच्या दोन वेढ्यांमधलं अंतर) स्क्रू मिनिटाला 40 फेरे घेतो. एका फेऱ्यात माल एक पिच पुढे जातो, म्हणजे ट्रफ पूर्ण भरलेला धरला तर तासाला साधारण 51 घनमीटर. पण पूर्ण कधीच भरायचा नसतो. धान्यासारख्या सहज वाहणाऱ्या मालाला 45 टक्के चालतं, झिजवणाऱ्या मालाला 15 टक्केच. म्हणजे तोच स्क्रू एकीकडे 23 घनमीटर देतो आणि दुसरीकडे साडेसात. लांब स्क्रूला दर तीनेक मीटरवर शाफ्टला वरून टांगून आधार देणारं हँगर बेअरिंग असतं आणि तिथे पातं तुटक असतं. जास्त भरलात तर पहिला तुंबा तिथेच, आणि बेअरिंगही मालात बुडून झिजतं. चढ दिला तर क्षमता आणखी घटते. 20–25 अंशांवर ती निम्म्याच्या आसपास येते. म्हणून माल कमी येतोय म्हणून लगेच स्पीड वाढवायला धावू नका, आधी इनलेटला किती पडतंय ते बघा.

सगळीकडे स्क्रू चालत नाही, हेही कारखान्यातच कळलं. सी शुगर, म्हणजे शेवटच्या टप्प्यातली हलकी साखर, पुन्हा मॅग्मा (घट्ट लगदा) करून पॅनवर (दाणा पाडायच्या भांड्यावर) जाणार असते, तिला स्क्रू चालतो. पांढऱ्या साखरेचा दाणा मात्र पातं आणि ट्रफ यांच्यामध्ये सापडून फुटतो, म्हणून ती साखर वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्यूगल मशीनखालून हलत्या हॉपरवरून पुढे जाते (हा हॉपर म्हणजे नरसाळं नव्हे, साखर हलवत पुढे नेणारा कन्व्हेयर). ग्राहक दाणा बघून भाव देतो.

सुरक्षिततेबाबत मी तडजोड करत नाही. हळू फिरतो म्हणून स्क्रू निरुपद्रवी वाटतो, पण पात्यात बाही अडकली तर हात सोडवायला वेळ मिळत नाही. कव्हरवर पाय देऊ नका. काठीने चालू स्क्रूतला माल मोकळा करू नका, कुणी वरिष्ठ सांगत असला तरी. फ्यूज मामांसारखे स्वतःच्या खिशात ठेवा किंवा स्वतःचं कुलूप लावा.

पहिल्या आठवड्यात अँपिअर लिहून काढा, रिकाम्या स्क्रूचा आणि भरलेल्या स्क्रूचा. माझ्या वहीत आकडे होते 3.8 आणि 5.5. काटा सहाकडे सरकला की मी आधी हॉपरचं गेट आवळायचो, मग डिस्चार्जला जाऊन बघायचो.