त्सुनामीला उधाणाच्या मापाने मोजू नका : खाडीकाठच्यांनी या चुका टाळाव्यात

भरतीची वेळ पाहून घराबाहेर पडण्याची सवय ठाणे आणि नवी मुंबईत पावसाळ्यात सर्वांनाच लागते. साडेचार मीटरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आला की सखल भागात पाणी साचणार आणि ओहोटी लागली की ते उतरणार, हा हिशेब इथे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. हाच हिशेब त्सुनामीला लावणे ही सर्वांत घातक चूक आहे आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच होतात.

भरती चंद्र-सूर्याच्या ओढीने येते आणि रोजच्या लाटा वारा उठवतो. त्सुनामी मात्र बहुतेक वेळा समुद्राचा तळच हलल्यामुळे निर्माण होते. एका भूपट्टाखाली, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या प्रचंड तुकड्याखाली, दुसरा सरकत असताना दोन्ही एकमेकांत अडकतात, शेकडो वर्षांचा ताण साठतो आणि तो सुटला की तळ काही मीटर उचलला जाऊन वरचे सगळे पाणी ढकलले जाते. चार हजार मीटर खोल समुद्रात या लाटेचा वेग ताशी 700 किलोमीटरच्या घरात असतो, तरीही ती बोटीवरच्या माणसाला जाणवतही नाही. दहा मीटर खोलीवर तो वेग ताशी 35 किलोमीटरपर्यंत उतरतो आणि मागून येणारे पाणी पुढच्या पाण्यावर चढू लागते. वाऱ्याची दोन मीटरची लाट काही सेकंदांत फुटून परतते. दोन मीटरची त्सुनामी कित्येक मिनिटे आत घुसतच राहते. म्हणूनच केवळ उंचीचा आकडा ऐकून निर्धास्त होऊ नये.

अरबी समुद्रात हे घडत नाही, असे मानणे ही दुसरी चूक. 28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळ 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही तासांनी मुंबईत सुमारे दोन मीटर उंचीचे पाणी चढले. त्यात माणसेही दगावली. इतक्या दूरच्या भूकंपाचा धक्का आपल्याला जाणवेलच असे नाही, त्यामुळे 'जमीन हलली नाही, म्हणजे धोका नाही' हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. डिसेंबर 2018 मध्ये इंडोनेशियात तर ज्वालामुखीचा कडा समुद्रात कोसळला आणि भूकंपाच्या इशाऱ्याविनाच लाट किनाऱ्यावर आली.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून निवट्या आणि कालवे काढणाऱ्यांची. भरतीची वेळ असताना पाणी झपाट्याने मागे हटू लागले, तर टोपली तिथेच टाकून काठ गाठावा. मात्र पाणी आधी ओसरेलच, अशी वाट पाहणेही चूक आहे, कारण काही वेळा लाटेचा चढ आधी पोहोचतो.

खाडी आणि खारफुटी आपल्याला वाचवतील, हा विश्वास अर्धाच खरा आहे. उथळ खाडी आणि दाट तिवरे लाटेचा जोर कमी करतात, पण अरुंद जागी प्रवाह अनावर होऊ शकतो. 2004 मध्ये सुमात्राच्या त्सुनामीने हजारो किलोमीटर दूर ओमानच्या सलालाह बंदरातील प्रचंड मालवाहू जहाजाचे दोर तोडून टाकले होते. तिथे एवढे जहाज टिकले नाही, तर जेटीला बांधलेली होडी सोडवायला धावणे म्हणजे जीव धोक्यात घालणेच आहे. नवी मुंबईतील धारण तलावही भरती आणि पावसाच्या पाण्यासाठी बांधलेले आहेत. त्सुनामीच्या वेळी त्यांच्यावर विसंबू नये.

इशारा मिळाल्यावर गाडी काढून पाम बीच रस्त्याच्या कोंडीत अडकण्यापेक्षा जवळच्या भक्कम काँक्रीटच्या इमारतीत तिसऱ्या किंवा त्याहून वरच्या मजल्यावर जावे. हैदराबादचे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र 2007 पासून इशारे देत आहे. फिरत आलेल्या संदेशापेक्षा त्या केंद्राच्या आणि प्रशासनाच्या सूचनेवर भिस्त ठेवावी. भूकंपाची नेमकी वेळ आधीच सांगणारा संदेश तर निश्चितच खोटा समजावा.

पहिले पाणी ओसरताच खाली उतरणे ही शेवटची आणि फार माणसे मारणारी चूक. 1964 मध्ये अलास्काच्या भूकंपानंतर कॅलिफोर्नियातील क्रेसेंट सिटीमध्ये लोक आवराआवर करायला परतले आणि चौथी लाट सर्वांत मोठी आली. लाटांमध्ये तासाभराचे अंतरही असू शकते, त्यामुळे धोका टळल्याचे प्रशासन जाहीर करेपर्यंत वरच्या मजल्यावरच थांबावे.