उन्हाळ्याचे पाऊस-तापमानाचे मासिक आकडे वाचताना या चुका टाळा

पावसाची बेरीज करायची आणि तापमानाची सरासरी काढायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही एखाद्या प्रदेशाचा नकाशा करायला बसलं की दोघांना एकच नियम लावला जातो आणि घोळ होतो.

सगळ्यात जास्त फसवतात रिकाम्या नोंदी. पर्जन्यमापक बंद होता, रकाना मोकळा राहिला आणि कुणीतरी तिथे शून्य टाकलं. तापमानात ३८, ३९, ० अशी ओळ आली तर चूक लगेच दिसते. पावसात दिसत नाही, कारण कोरड्या उन्हाळ्यात खरी शून्यंही रांगेने असतात. शंका आली तर शेजारच्या दोन-तीन हवामान केंद्रांच्या रोजच्या नोंदी समोर ठेवा. तिथे वारंवार पाऊस आणि इथे टिपूसही नाही, असं असेल तर मापकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकलेला असू शकतो. आणखी एक: दोन दिवसांचं तापमान नसलं तरी महिन्याची सरासरी फारशी हलत नाही, पावसात मात्र गहाळ झालेल्या एकाच दिवसात महिन्याचा निम्मा पाऊस असू शकतो.

दुसरी चूक टक्केवारीची. महिन्याचा सरासरी पाऊस ४ मिमी आणि पडला १२ मिमी, की ‘तिप्पट पाऊस’ असा मथळा तयार! प्रत्यक्षात जादा पडलं ते चौरस मीटरमागे ८ लिटर पाणी. कोरड्या महिन्यांत फरक मिमीमध्येच सांगावा.

डोंगराळ भागात दोन केंद्रांमधली जागा सरळ रेषेने भरू नका. तापमान दर १००० मीटर उंचीला साधारण ६.५ अंशांनी उतरतं, तेवढी दुरुस्ती करता येते. पावसाला असा सोपा हिशेब नाही: वाऱ्याकडचा उतार चिंब, पलीकडचा कोरडा.

नुसत्या सरासरी तापमानावरही विसंबू नका. ढगाळ महिन्यात कमाल उतरतं, किमान चढतं आणि सरासरी जागच्या जागी राहते. दोन्ही वेगवेगळी मांडा.

तुलनेचा कालखंडही, म्हणजे ज्या वर्षांची सरासरी धरून तुलना केली तीही, तपासा. एका केंद्राला १९६१–९० आणि दुसऱ्याला १९९१–२०२० असं चालत नाही. दक्षिण गोलार्धात उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी असतो, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीला डिसेंबर आधीच्या वर्षाचा जोडा. तक्ता वर्षवार लावलेला असेल तर हे हमखास चुकतं.